देवघरापर्यंतची चाल

माझा आवाज मोठा आहे. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवण्यात जन्म गेला. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोरीला झापायची सवय लागली. नोकरी संपली, आवाज काही संपला नाही. तेव्हा सांगता सांगता मी ओरडतेय असं वाटलं तर मनावर घेऊ नका. आमच्याकडे, ग्वाल्हेरात, शिंदे की छावनीत, लीलाताई म्हटलं की लोक आधी कानावर हात ठेवतात आणि मग नमस्कार करतात.

गोष्ट माझ्या भाच्याची, समरजीतची. माझा धाकटा भाऊ जयसिंह फौजेतून सुभेदार होऊन घरी आला, त्याचा हा एकुलता एक. घर एकच, खाली मी आणि वर ते तिघं. आमच्या घराण्यात पणजोबा फौजी, आजोबा फौजी, वडील फौजी. समर बारशालाच भरती झाला होता म्हणा ना! पोरगं वाढलं ते सहा फूट दोन इंच. साडेसतरा पुरी झाली आणि भरतीला गेलं. धावण्यात पुढच्या पाचात आलं, छाती मापात बसली, सगळं बसलं, आणि मेडिकलला डॉक्टरनं पाय बघितले. तळवे सपाट. झालं, घरी पाठवलं.

त्या दिवसापासून समर वाकला. खोटं नाही सांगत, डोळ्यांदेखत वाकला. मान खाली, खांदे पुढे, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा दाराची चौकट लागेल या भीतीनं चालावं तसा. मोहल्ल्यातली कार्टी त्याला खम्बा म्हणून हाक मारायची, ते आधी तो हसण्यावारी न्यायचा. आता दूध आणायला उजाडायच्या आत जायला लागला, कुणी बघू नये म्हणून. लग्नकार्याला यायचा नाही. आला तर कोपऱ्यात, भिंतीला चिकटून.

जयसिंह त्याला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मेला! महिनाभर गप्प राहिला आणि एक दिवस जेवताना म्हणाला, "संग्रामशी बोललोय. दिवाळीनंतर तिकडे जाऊन रहा." संग्रामसिंह आमचा चुलत भाऊ, मुरैना रोडवर त्याचा पेट्रोल पंप आहे. पंपाच्या कामात कमीपणा नाही, मी स्वतः त्या पंपावरच्या पोरांना नावानं ओळखते. पण जयसिंह पोराला कामाला पाठवत नव्हता, नजरेआड करत होता. ते मला कळलं, सीमंतिनीला, त्याच्या बायकोला कळलं, आणि समरला तर सगळ्यात आधी कळलं.

दोन दिवसांनी समर खाली माझ्याकडे आला. दारातच घुटमळला.

"आत्या, एक बात बोलायची आहे. गुस्सा मत होना."

"आधी आत ये. आणि सरळ उभा रहा, मग बोल."

सरळ कुठला उभा राहतोय! त्यानं मोबाइल पुढे केला. दिल्लीची कुणी गरिमा म्हणून बाई होती. लग्नातले पुरुषांचे कपडे करते, शेरवान्या आणि काय काय. तिला नवे चेहरे हवे होते. आधी फोटो पाठवायचे, त्यातून निवडलेल्यांना ग्वाल्हेरात हॉटेलवर बोलावून चालायला लावणार, आणि जे पसंत पडतील त्यांना दिल्लीच्या शोमध्ये घेणार. पुढे तिथली एजन्सी त्यांना काम देणार.

"मॉडेलिंग?" मी म्हटलं. "म्हणजे ते चड्डी-बनियानवाले?"

"आत्या!"

"मग नीट सांग ना."

"उंची लिहिलीय बघ," तो म्हणाला. "छह फुटाच्या वर पाहिजे म्हणतात. पहिल्यांदा कुणाला तरी माझ्याएवढा लांब माणूस पाहिजे आहे, आत्या."

हे ऐकल्यावर मी काय नाही म्हणणार? घातली चप्पल आणि नेलं त्याला किला गेटच्या फोटो स्टुडिओत. तिथल्या फोटोग्राफरनं त्याला स्टुडिओतला कोट चढवला, खुर्चीवर बसवलं, हनुवटीखाली हात ठेवायला लावला, मागे गुलाबी पडदा सोडला आणि कॉम्प्युटरवर गोरापान केला. फोटो हातात आला तेव्हा मलासुद्धा कळलं की हा बघून मुलगी सांगून येईल, काम येणार नाही. समर हळूच म्हणाला, "आत्या, त्यांनी लिहिलंय, सादा टी-शर्ट, चेहऱ्याला काही लावायचं नाही, समोरून, बाजूनं आणि पाठीमागून. मोबाइलनं काढला तरी चालेल." "मग आधी का नाही बोललास, शहाण्या?" "तू बोलू दिलंस कुठे?" तेही खरंच होतं.

घरी येऊन पांढऱ्या भिंतीला उभा केला. उजेड चांगला, टी-शर्ट स्वच्छ, आणि हा वाकलेला. "खांदे मागे! पोट आत! मान वर!" सगळं करून बघितलं. ओरडले की दोन क्षण सरळ, की परत तसाच. शेवटी मी म्हटलं, "अरे, भरतीच्या दिवशी रेषेवर उभा होतास, तेव्हा कसा ताठ होतास? मी बघितलंय ना तुला!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं ना," तो म्हणाला. "पाय खराब आहेत म्हणून."

मला रडू आवरेना. पाणी आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा चिडूनच आले. मला रडू आलं की मी चिडते, स्वभावच आहे. म्हटलं, "ज्या पायांनी अख्ख्या भरतीत पुढच्या पाचात आलास ते पाय खराब? कोण म्हणतं? फौजेला नकोत, तिचे नियम असतील. मला ते पाय चांगले माहीत आहेत, त्यांना पहिल्यांदा चालायला मी शिकवलंय. आता हो सरळ, नाही तर कानाखाली वाजवीन!" तो हसला, आणि हसताना माणूस ताठ होतोच. मी पटापट फोटो काढून घेतले.

आठवड्यात बोलावणं आलं. आता घरात सांगणं भाग होतं, कारण अठराच्या आतल्या मुलासोबत आईवडिलांपैकी कुणीतरी हजर पाहिजे अशी अट होती. रात्री जेवताना मीच विषय काढला.

जयसिंहनं घास खाली ठेवला. "लोक याला बघायला येणार?"

"कपडे बघायला येणार."

"मग खुंटीला टांगा म्हणावं कपडे. माणूस कशाला पाहिजे?"

"जयसिंह, उगाच शहाणपणा करू नकोस."

"ताई, तू यात पडू नकोस. फौजेनं नाकारला, पंचक्रोशीत झालं. आता हॉटेलात जाऊन शंभर लोकांसमोर पुन्हा नाकारून घ्यायचं?"

तेव्हा मला कळलं की हा रागावलेला नाही, घाबरलाय. पण मी काही बोलायच्या आत सीमंतिनी बोलली. ही बाई वर्षातून चार वाक्यं बोलते. वाढता वाढता म्हणाली, "मी जाईन वन्सं. आई चालते ना?"

जयसिंहनं ताट बाजूला सारलं. मग समरकडे न बघता म्हणाला, "जा. पण नाही म्हणाले, तर त्याच आठवड्यात संग्रामकडे. मग पुन्हा या घरात हे नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," समर म्हणाला.

म्हणजे एकच संधी. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला चालायला लावलं. आमचं घर अरुंद आणि लांबट आहे. पुढच्या दारापासून सरळ बोळ निघतो तो आतल्या देवघरापर्यंत. तेवढीच काय ती सलग जागा. गच्चीवर नेलं असतं तर सगळी छावनी तमाशा बघायला जमली असती. म्हणून रोज दुपारी, जयसिंह बाहेर पडला की, मी खुर्ची टाकून दाराशी बसायची आणि समर दारापासून देवघरापर्यंत चालत जायचा, थांबायचा आणि परत यायचा. मोबाइलवर त्यानं परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ लावून दाखवले. ती पोरं इतकी रुसलेली का असतात कोण जाणे, पण चाल बघण्यासारखी असते. पाऊल टाचेवर, नजर लांब, हात मोकळे. मी तेच घोटून घेतलं. "हात लोंबकळतायत! नजर कुठे? जमिनीवर काय पडलंय?" एकदा जयसिंह लवकर घरी आला. दारात उभा राहून बघत होता. आता भडकतो की काय असं मला वाटलं, तर जोडे काढता काढता एवढंच म्हणाला, "डावा खांदा पडतोय त्याचा," आणि वर निघून गेला.

दसरा झाला आणि तो दिवस आला. जयसिंह म्हणाला, "गाडीनं सोडतो. आत येणार नाही." सिटी सेंटरच्या हॉटेलापाशी आम्हा तिघांना उतरवलं आणि तो गाडीतच बसून राहिला.

आत गेलो. काय एकेक पोरं आली होती! दंड फुगवलेली, केसांना चोपडलेली, आरशासमोर आपणच आपल्यावर खूश. कुणी भोपाळहून, कुणी आग्र्याहून. आमचा समर छातीवर नंबर लावून त्यांच्यात उभा राहिला, एक वीत वर, आणि लगेच ती वीत कमी करायला वाकला. मी लांबूनच डोळे वटारले. झाला सरळ.

हॉलमध्ये लांबलचक रॅम्प घातला होता. त्याच्या टोकाशी टेबल मांडून गरिमा आणि तिची माणसं बसलेली. गरिमा चाळिशीची, बारीक, कापलेले केस, पायात साध्या चपला. एकेका पोराला तिनं आपलीच शेरवानी घालायला दिली होती. समरच्या वाट्याला मोतिया रंगाची आली. समोरून अगदी साधी आणि पाठीवर भलाथोरला मोर, सगळा जरीचा. पोरं येत होती, टोकाला थांबून कमरेवर हात ठेवत होती आणि वळून जात होती.

समरचा नंबर आला. तो निघाला. काय चालला हो! घरच्या बोळातल्यासारखाच, घाई नाही, नजर वर, शेरवानीचा घोळ पायाशी नीट हलतोय. डावा खांदासुद्धा पडला नाही. टोकाला गेला, टेबलापुढे थांबला, उभा राहिला. मी सीमंतिनीचा हात दाबला. आणि मग समर परत निघाला, तो उलट्या पावलांनी.

तोंड टेबलाकडेच. एकेक पाऊल मागे. सरळ रेषेत, संथ, अख्खा रॅम्प.

हॉलमध्ये आधी खुसखुस झाली, मग पोरं फिदीफिदी हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "भाई, रिवर्स गियर लग गया!" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! आमच्या घरात देवाला पाठ दाखवत नाहीत. खंडोबाला हात जोडले की बोळातून उलट पावली मागं यायचं, हे जयसिंहनं समरला चालायला लागल्यापासून लावलेलं. आणि मी महामूर्ख, त्याला महिनाभर त्याच बोळात देवापर्यंत चालवलं! जाताना मी चाल बघत होते आणि येताना तो उलटा येतोय हे मला दिसत होतं, पण त्या बोळातून सगळेच तसे येतात, मीही येते. ना मला खटकलं, ना त्याला. जगातल्या कुठल्या बाईनं पोराला असलं शिकवलं असेल?

गरिमानं हात वर केला. हॉल शांत झाला. "ये क्या था?"

समर रॅम्पच्या मागच्या टोकाला पोचला होता. आता त्यालाही कळलं होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सॉरी मॅम," तो म्हणाला. "आदत है. घर में जहाँ तक चलता था, वहाँ भगवान हैं. उनको पीठ नहीं दिखाते."

पुन्हा हशा पिकला. गरिमा हसली नाही. शेजारच्या फोटोग्राफरशी काहीतरी बोलली आणि म्हणाली, "फिर से करो. बिल्कुल वैसे ही."

समर पुन्हा आला, थांबला आणि मागे निघाला. या वेळी हसायला कुणी तयार नव्हतं. इतका उंच पोरगा, मागे न बघता, कडेला न अडखळता सरळ जातोय आणि चेहरा शेवटपर्यंत तुमच्याकडे. टेबलावरची माणसं पुढे झुकली. फोटोग्राफर खुर्चीवरून उठून खाली गुडघ्यावर बसला. माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते.

"बहुत अच्छा," गरिमा म्हणाली. "लेकिन बेटा, मेरा सारा काम पीठ पर है. मोर तो दिखाओ! पलटकर जाना भी आना चाहिए, नहीं तो मैं तुम्हें कैसे लूँ?"

समर तिसऱ्यांदा टोकाला आला. थांबला. आणि वळेना. पाय अर्धा उचलला, परत ठेवला. वळायचं कसं हे काय त्याला येत नव्हतं? पण समोर मोठी माणसं बसलेली, मघाशीच सगळ्यांसमोर देवाचं नाव घेतलेलं, आणि हसणारी पोरं टपलेली. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"अरे फिर की!" मी ओरडले. "देव नाहीत ते, दिल्लीची माणसं आहेत!"

हॉलमध्ये हास्याचा असा फुटला फवारा! मदत करायला गेले आणि घोटाळा केला. समरचे खांदे पुढे यायला लागले. मान खाली गेली. तो परत वाकत होता, सगळ्यांसमोर, आणि मला समोर संग्रामचा पंप दिसायला लागला. सीमंतिनीनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात हॉलच्या मागून, दाराकडून आवाज आला.

"समरजीत!"

मी वळून बघितलं. जयसिंह. आत येणार नाही म्हणणारा जयसिंह, दाराला लागून उभा, हात शरीराला चिकटलेले, टाचा जुळवलेल्या. कधीपासून उभा होता देव जाणे.

समर जागच्या जागी ताठ झाला.

"पीछे..." जयसिंह थांबला. सगळा हॉल थांबला. "...मुड़!"

आणि आमचा पोरगा वळला! एका टाचेवर, असा झोकात की शेरवानीचा घेर त्याच्या मागून फिरला आणि जरीचा मोर सगळ्या दिव्यांखाली चमकून उठला.

"तेज चल!"

समर निघाला. मान वर, खांदे मागे, पाठ अशी सरळ की मी कितीदा ओरडूनही ती तशी झाली नव्हती. मघाशी हसणारी पोरंच आधी टाळ्या वाजवायला लागली. मग टेबलावरची, मग सगळेच. मी तर उभी राहून शिव्या घालत होते, आनंदानं, कुणाला ते विचारू नका. सीमंतिनी रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. जयसिंह अजून तसाच उभा होता, समर पडद्याआड जाईपर्यंत.

निकाल लागायला तासभर गेला. गरिमा स्वतः बाहेर आली, पहिलं नाव समरजीतचं घेतलं. म्हणाली, दिल्लीच्या शोमध्ये शेवटची शेरवानी हाच घालेल, आणि जाताना वळून जाणार नाही, उलट्या पावलांनीच जाईल, सगळे दिवे त्याच्यावर. मोराचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, मोर आधी एका फेरीत दाखवू, घाई काय आहे. मग कागद पुढे केला आणि आईची सही मागितली. सीमंतिनीनं पेन घेतलं आणि मुकाट्यानं नवऱ्याच्या हातात दिलं. जयसिंहनं सही केली.

मग त्यानं तिथंच लॉबीत खिशातून मोबाइल काढला आणि संग्रामला लावला. एरवी फोनवर दबक्या आवाजात बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आम्ही भावंडं शोभलो.

"संग्राम! हां, जयसिंह बोलतोय. पंपावर दुसरा मुलगा बघ. नाही, आमचा नाही येणार. त्याला दिल्लीला जायचंय. कामावर. हो, नोकरीच म्हण! मॉडेल झालाय तो, मॉडेल! अरे, शेकड्यानं पोरं आली होती, पहिलं नाव याचं घेतलं!"

लॉबीतली माणसं वळून बघायला लागली. काउंटरवरची मुलगी, सामान उचलणारे, जिन्यावरून उतरणारं एक वऱ्हाड, सगळे.

"बाबा, हळू ना," समर कळवळून म्हणाला. "सब देख रहे हैं."

जयसिंहनं फोन कानापासून बाजूला केला आणि पोराकडे मान वर करून बघितलं.

"बघू देत," तो म्हणाला. "त्यासाठीच तर घेतलंय तुला."